आधी न्याय, मग आशा : संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि दलित ख्रिस्ती वाचक

१

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये संदेष्ट्यांचे ग्रंथ मुख्यतः दोन प्रसंगी उघडले जातात. डिसेंबर आला की यशयाच्या नवव्या अध्यायातले बाळ आणि मीखाच्या पाचव्या अध्यायातले बेथलेहेम यांची आठवण होते. आणि जगात कुठे युद्ध पेटले किंवा भूकंप झाला की दानीएल आणि यहेज्केल यांच्या पानांतून जगाच्या अंताचे वेळापत्रक काढण्याचा उद्योग सुरू होतो. या दोन प्रसंगांच्या मध्ये जे प्रचंड साहित्य उरते त्याचे काय? गहाण घेतलेला गरिबाचा अंगरखा, वेशीत लाच खाऊन दिलेला निवाडा, शेताला शेत जोडत जाणारा धनको, खोटे माप आणि जड वजन : यांच्यावर प्रवचन क्वचित ऐकू येते. ऐकू आलेच तर शेवटी 'आपणही मनाने शुद्ध राहिले पाहिजे' या उपदेशात त्याची धार बोथट केलेली असते.

या वाचनाला एक जुना शब्दही काही अंशी कारण झाला आहे. 'संदेष्टा' हा शब्द रूढ होण्यापूर्वी मराठी ख्रिस्ती भाषेत 'भविष्यवादी' हा शब्द चालत असे, आणि अनेकांच्या तोंडी तो आजही आहे. भविष्यवादी म्हटला की पंचांग आठवते, पोपट घेऊन बसणारा ज्योतिषी आठवतो. उद्या काय होणार ते सांगणारा माणूस, अशी प्रतिमा तयार होते. वास्तविक आमोस, मीखा, यशया, यिर्मया ही माणसे आजविषयी बोलत होती. उद्याची जी गोष्ट ते सांगतात ती आजच्या अन्यायाचा हिशेब म्हणून सांगतात. हिशेब मागणारा माणूस गैरसोयीचा असतो. ज्योतिषी कोणालाच गैरसोयीचा नसतो. म्हणून हिशेब मागणाऱ्याला ज्योतिषी करून टाकणे सगळ्यांच्याच सोयीचे झाले.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत दोन सूर आहेत. एक न्यायनिवाड्याचा, दुसरा आशेचा. मंडळ्यांना दुसरा सूर प्रिय आहे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासूनचे सांत्वन, यहेज्केलच्या वाळलेल्या हाडांत येणारा प्राण, यिर्मयाचा नवा करार : हे सगळे आपण आवडीने वाचतो. पण पहिला सूर बाजूला ठेवून दुसरा ऐकता येत नाही, आणि तसा तो ऐकवणे ही दलित वाचकाची फसवणूक आहे, एवढे या लेखात मांडायचे आहे. संदर्भ मराठवाड्याचा घेतला आहे, आणि त्यातही हिंगोलीसारख्या जिल्ह्याचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख. बौद्धांची वस्ती मोठी, ख्रिस्ती अगदीच थोडे. पण संदेष्ट्यांनी ज्या गोष्टींचा निवाडा केला त्या सगळ्या येथे रोज घडतात. ग्रंथाची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

२

आमोस हा संदेष्ट्यांपैकी ज्याचे बोलणे ग्रंथरूपाने टिकले असा बहुधा पहिला. काळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाचा मध्य. यहूदातल्या तकोवा गावचा माणूस. मेंढरे राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा. तो बोलायला गेला उत्तरेच्या इस्राएल राज्यात. तेथे दुसरा यराबाम राज्य करीत होता आणि राज्याला बरे दिवस आले होते. व्यापार वाढला होता, धनिक हस्तिदंती पलंगांवर लोळत होते. शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे तुकडे खरोखरच सापडले आहेत. म्हणजे आमोसने काव्यासाठी अतिशयोक्ती केली नव्हती.

या भरभराटीची दुसरी बाजू आमोस सांगतो. गरिबाला पायतणाच्या एका जोडासाठी विकले जाते. व्यापारी शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहतात. संपला की माप लहान करायचे, वजन मोठे करायचे आणि गव्हाबरोबर त्याचे भूसही विकायचे. गहाण घेतलेल्या कपड्यांवर पसरून हेच लोक वेदीशेजारी बसतात. वेशीत, म्हणजे जेथे गावचा निवाडा व्हायचा तेथे, गरिबाचे म्हणणे उडवून लावले जाते.

हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीचे ढीग पाहिलेल्या वाचकाला यात परके काय आहे? हळद लावणारी, खुरपणारी, खणून काढणारी, काहिलीजवळ धूर खात ती शिजवणारी माणसे बहुतेक वेळा ज्या जमिनीवर राबतात ती त्यांची नसते. कडता कापला जातो, आडतीचा हिशेब होतो. या हिशेबात मजूर कोठेच नसतो. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून आधी घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल'. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. हंगामाच्या शेवटी फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही बांधलेला. दोन माणसांचे नाव जेव्हा एका हत्याराचे होते, तेव्हा पायतणाच्या जोडासाठी विकलेला माणूस हे रूपक राहत नाही.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. आमोस श्रीमंतांना दया करायला सांगत नाही. दानधर्म वाढवा, असे त्याचे म्हणणे नाही. तो 'न्याय' हा शब्द वापरतो, आणि न्याय ही वेशीत, म्हणजे संस्थेत घडणारी गोष्ट आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपासाबद्दलही हेच आहे. उपास करून डोके लवविणाऱ्यांना तो विचारतो की तुमच्या मजुरांचे काय, जोखडाचे काय? उपास-प्रार्थनांचे आठवडे पाळणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी हा अध्याय उपासाच्या पहिल्याच दिवशी वाचावा. म्हणजे पुढचे दिवस कशासाठी पाळायचे ते कळेल.

३

आमोसची मांडणी मोठी चतुर आहे. आरंभी तो शेजारच्या राष्ट्रांचा निवाडा सांगतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब : एकेकाचे अपराध मोजतो. ऐकणारे खूष होत असणार. मग यहूदा येतो. आणि वर्तुळ आवळत आवळत शेवटी ऐकणाऱ्यांच्याच दारात थांबते. सर्वांत लांब आरोपपत्र इस्राएलचे आहे.

दलित ख्रिस्ती वाचकाने या वर्तुळाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. सवर्ण व्यवस्थेवरचा निवाडा आपल्याला मान्य आहे, तो आपण जगलो आहोत. पण वर्तुळ तेथे थांबत नाही. ते मंडळीच्या दारापर्यंत येते. तामिळनाडूत जातवार स्मशाने आणि जातवार बाके असलेल्या चर्चची उदाहरणे जगजाहीर आहेत. महाराष्ट्रात तसे उघड दिसत नाही म्हणून आपण समाधान मानतो. पण सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण' हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो. महार-मांग हा भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुतला गेला नाही. मंडळ्यांच्या जमिनीजुमल्यावरून कोर्टकचेऱ्या होतात आणि त्याच मंडळीतला भूमिहीन सभासद दुसऱ्याच्या बांधावर राबतो. आमोसचे बोट येथेही येते.

आमोस ज्या ठिकाणी बोलला त्याचे नाव बेथेल. या नावाचा इतिहास मराठवाड्याच्या वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. उत्पत्तीच्या ग्रंथात बेथेल ही घर सोडून पळालेल्या याकोबाची जागा आहे. दगड उशाला घेऊन झोपलेल्या निराश्रिताची. आमोसच्या काळापर्यंत ती राजाची देवळी झाली होती. तेथला याजक अमस्या आमोसला सांगतो की येथून चालता हो, यहूदात जा आणि तेथे पोट भर. हे राजाचे पवित्रस्थान आहे. निराश्रिताच्या उशाचे राजाच्या मालमत्तेत असे रूपांतर झाले. आमोस उत्तर देतो की मी संदेष्ट्यांच्या धंद्यातला नाही, मी मेंढरांमागून उचलून आणलेला माणूस आहे.

आपल्या मराठवाड्यातही एक बेथेल आहे. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण धर्मप्रचारक नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ नवख्रिस्तींची वसाहत उभी केली आणि तिचे नाव बेथेल ठेवले. तेथे आलेल्यांत मांग समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला जमीन, घर, शाळा आणि विहिरीचे पाणी मिळणे याचा त्या काळात काय अर्थ होता हे वेगळे सांगायला नको. याकोबाचे बेथेल ते हेच. प्रश्न एवढाच की आजच्या मंडळ्या कोणत्या बेथेलच्या वारस आहेत? दगड उशाला घेतलेल्याच्या, की अमस्याच्या? कोणी मंडळीत उभे राहून उचलीबद्दल, गायरानाबद्दल किंवा अत्याचाराबद्दल बोलू लागला, तर 'हे राजकारण आहे, मंडळीत आणू नका' असे त्याला सांगितले जाते. हे शब्द ज्याच्या परिचयाचे आहेत त्याने अमस्याचे बोलणे पुन्हा वाचावे.

४

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे आणि नर्सी आहे. नर्सी नामदेवांचे गाव मानले जाते. औंढ्याला विसोबा खेचर नामदेवांना भेटले अशी परंपरा आहे. देऊळ फिरल्याची कथा तर येथल्या पोराबाळांना ठाऊक असते. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळासमोरून हटवले, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला, असे सांगतात. कथा सुंदर आहे. हाकललेल्या माणसाची बाजू देव घेतो, हा तिचा आशय आहे आणि तो लहान नाही.

पण समीक्षकाला विचारावे लागते की कथेत हाकलणाऱ्यांचे काय झाले? त्यांना कोणी जाब विचारला का? देऊळ फिरले, गाव फिरले का? कथा मोठ्या भक्तीने सांगितली जाते आणि तरी मराठवाड्यातल्या खेड्याची रचना शतकानुशतके जशीच्या तशी राहते. देवाचे तोंड फिरले आणि वेस आहे तेथेच राहिली. चोखोबांच्या बाबतीतही हेच झाले. मंगळवेढ्याला वेठीने गावकूस बांधताना ते कोसळून त्यांचा अंत झाला. अस्थी पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीशी आल्या. मरणानंतर पायरीपर्यंत. आत नव्हे.

यिर्मयाच्या सातव्या अध्यायात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने आला आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहून तो सांगतो की येथे मंदिर आहे म्हणून तुम्ही सुरक्षित आहात, या भ्रमात राहू नका. परका, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम करायचा आणि मग येथे येऊन आम्ही वाचलो म्हणायचे, तर हे मंदिर लुटारूंची गुहा आहे. शिलोचे काय झाले ते जाऊन पाहा. यिर्मयाचा देव मंदिर फिरवत नाही, पडू देतो. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास ते पडलेही.

औंढ्याच्या कथेला कमी लेखण्यासाठी ही तुलना केलेली नाही. लोककथेने जे वेदनेतून निर्माण केले त्याचा मान आहेच. पण निवाडा वगळलेली आशा कशी असते याचे ते आपल्या अंगणातले उदाहरण आहे. ती पीडिताला धीर देते आणि पीडकाला मोकळे सोडते. ख्रिस्ती मंडळ्यांतली सांत्वनाची प्रवचने याहून फार वेगळी नाहीत. 'प्रभू तुझ्याकडे वळला आहे' हे आपण ऐकतो. 'तुला हाकलणाऱ्याला प्रभू काय म्हणाला' हे ऐकत नाही.

५

या ठिकाणी बाबासाहेबांचा आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी जे लिहिले, ते त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रकाशित झाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की अस्पृश्य माणूस हिंदू असताना त्याची दुर्दशा पूर्वकर्मामुळे झाली असे त्याला शिकवले जाई. ख्रिस्ती झाल्यावर ती आदिपुरुषाच्या पापामुळे झाली असे शिकवले जाते. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी येतो आणि ज्या समाजव्यवस्थेने त्याला खाली ढकलले ती नामानिराळी राहते. ज्या धर्माने ही व्यवस्था मोडण्याची प्रेरणा द्यायची, तोच तिच्यावरून नजर काढून घ्यायला लावतो.

हा आक्षेप मंडळ्यांनी वाचलाच नाही, किंवा वाचून विरोधकाचा म्हणून बाजूला ठेवला. वस्तुतः आमोसने किंवा मीखाने लिहिला असता असा तो आहे. संदेष्टे पापाबद्दल बोलतात, पण त्यांच्या लेखी पाप म्हणजे कोणाचे शेत बळकावणे, कोणाची मजुरी बुडवणे, कोणाचा निवाडा विकणे. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाने बळकावला तेव्हा एलीयाने मेलेल्या नाबोथाच्या मूळ पापाची चौकशी केली नाही. पाप कोणाचे ते त्याला पक्के ठाऊक होते. मराठी ख्रिस्ती धर्मशिक्षणाने पौलाचा पापविचार शिकवला आणि आमोसचा गाळला. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते या गाळलेल्या जागेवर.

ही जागा भरण्याचा प्रयत्न ख्रिस्ती विचारात झाला नाही असे नाही. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्र ईशविद्येची मांडणी केली. पुढे तिलाच दलित ईशविद्या असे रूप आले. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस आपला पूर्वज भटका अरामी होता अशी कबुली देतो. निर्मल यांनी विचारले की माझा पूर्वज कोण होता? अस्पृश्यतेचा इतिहास हाच आमच्या विश्वासाच्या कबुलीचा आरंभ असला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खेद एवढाच की हा विचार इंग्रजीत आणि ईशविज्ञानाच्या महाविद्यालयांत जितका फिरला, तितका मराठी खेड्यातल्या मंडळीच्या बाकापर्यंत आला नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ते सामान्य बाईमाणसाला कळावे म्हणून. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. ती दृष्टी पुढच्या विचारवंतांनी जपायला हवी होती.

निवाडा राज्यसंस्थेचाही व्हायला हवा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्मीयांना अनुसूचित जातींतून वगळले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मद्रासच्या सूसाई नावाच्या चर्मकाराला रस्त्याकडेची टपरी नाकारली गेली, कारण तो ख्रिस्ती झाला होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतरही तीच वंचना तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखवून दिलेले नाही, असे कारण देण्यात आले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात तिसरा परिच्छेद काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमण्यात आला. पायतणे शिवणाऱ्याचा निवाडा वेशीत किती काळ लटकू शकतो, याचा हा हिशेब आहे. मात्र सूसाईच्या खटल्याला दुसरी बाजूही आहे. मंडळीत जात आहे हे सिद्ध करणे ज्यांच्या हिताचे, त्यांनाच मंडळीची अब्रू राखण्यासाठी ते लपवावेसे वाटते. या कोंडीतून बाहेर पडायचे तर मंडळीने आपल्यावरचे आरोपपत्र स्वतःच वाचून दाखवले पाहिजे.

६

आता आशेकडे येऊ. आमोसच्या ग्रंथाच्या शेवटी पडझड झालेली नगरे पुन्हा उभी राहतील, लोक द्राक्षमळे लावतील आणि त्यांचा रस पितील, असे वर्णन आहे. हा भाग नंतरचा आहे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. पण म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. निवाडा ज्यांच्या डोळ्यांदेखत घडून गेला, घरे ज्यांची पडली, त्यांनी हे लिहिले असणार. आशा येथे निवाड्याची जागा घेत नाही. निवाड्यातून पार झालेल्यांनी ती त्याच्यापुढे जोडली आहे.

खोटी आशा कशी ओळखावी हे यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जोखड मोडेल, लुटून नेलेली पात्रे परत येतील. तो यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जोखड सर्वांसमक्ष मोडतो. लोकांना हे आवडले असणार. यिर्मयाचा पहिला उद्गार मोठा माणुसकीचा आहे : तसेच होवो, असे तो म्हणतो. पण तसे होणार नाही हे त्याला ठाऊक आहे. पाडावपणात गेलेल्यांना तो पत्र लिहितो की घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा. सत्तर वर्षे लागतील. सत्तर वर्षे म्हणजे पत्र वाचणारा ते पाहायला नसणार. आजही 'या वर्षी तुझे दिवस पालटणार' असे सांगणारे सभामंडप भरतात. ते हनन्याचे वंशज आहेत. दोन वर्षांची आशा विकली जाते. सत्तर वर्षांची आशा कामाला लावते.

आणि मग बत्तिसावा अध्याय. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ गावचे शेत विकत घे म्हणतो. शत्रूच्या टाचेखाली गेलेले शेत! यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो. खत लिहिले जाते, साक्षीदारांच्या सह्या होतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती देऊन तो सांगतो की मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. या देशात पुन्हा घरे, शेते, मळे विकत घेतले जातील. बायबलमधली आशेची सर्वांत मोठी घटना म्हणजे एक खरेदीखत आहे. तीत देवदूत नाहीत, ढगही नाहीत. तोल, साक्ष, शिक्का आणि कागद आहे.

हे मराठवाड्यातल्या भूमिहीनाला समजावून सांगावे लागत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली. पुढे मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांचा लढा उभा राहिला. एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियान यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट दिली. पण पुरावा हवा. पुरावा कोणता? गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, झालेल्या केसेसचे कागद. ज्या पावतीने माणसाला गुन्हेगार ठरवले तीच त्याच्या हक्काचा दाखला झाली. अशा पावत्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली वर्षानुवर्षे जपल्या गेल्या. बारूखाचे मातीचे भांडे ते हेच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा निकाल दिला. त्यात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद नोंदवलेले आहेत. पण अपवादाचा लाभ त्यालाच, ज्याच्या हाती कागद आहे.

यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात नव्या आकाशाचे आणि नव्या पृथ्वीचे चित्र आहे. त्याचा मुख्य तपशील कोणता? लोक घरे बांधतील आणि त्यांत स्वतः राहतील. मळे लावतील आणि त्यांचे फळ स्वतः खातील. एकाने बांधायचे आणि दुसऱ्याने राहायचे, असे होणार नाही. हळद एकाने शिजवायची आणि पैसा दुसऱ्याने मोजायचा, असे होणार नाही. स्वर्गाचे वर्णन करताना संदेष्ट्याला सोन्याचे रस्ते सुचले नाहीत. त्याला मजुरीचा प्रश्न सुटलेला दिसला.

७

संदेष्ट्यांपुढे मान तुकवून बसणे ही मात्र समीक्षा नव्हे. त्यांच्या ग्रंथांत असे काही आहे की ज्याला दलित वाचकाने, विशेषतः दलित स्त्रीने, नकार दिला पाहिजे. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात आणि यहेज्केलच्या सोळाव्या व तेविसाव्या अध्यायांत राष्ट्राला व्यभिचारी बाईचे रूप दिले आहे आणि तिची शिक्षा म्हणून तिला सर्वांसमक्ष विवस्त्र केले जाते. शिक्षा करणारा देव आहे. ज्या देशात दलित बाईला विवस्त्र करून गावातून फिरवण्याच्या घटना घडतात, ज्या महाराष्ट्रात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले, तेथे हे रूपक म्हणून वाचता येत नाही. निवाड्याची ही भाषा गावगुंडांच्या भाषेला जवळची आहे. संदेष्टा आपल्या काळाच्या पुरुषी मुलखाबाहेर येथे पडू शकला नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. आमोसच्याच कसोटीवर यहेज्केलला घासावे. कसोटी ग्रंथानेच हाती दिली आहे.

नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा एकसष्टावा अध्याय वाचला असे लूक सांगतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका इथपर्यंत तो वाचतो आणि सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख येण्यापूर्वी ग्रंथपट गुंडाळतो. म्हणजे त्यानेही निवड केली. पण निवडीनंतर त्याने निवाडा सोडून दिला नाही. सारफथची परदेशी विधवा आणि सूरियाचा नामान यांची नावे घेऊन त्याने ऐकणाऱ्यांच्या कुळाभिमानावरच घाव घातला, आणि तेच लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले. आमोसने नवव्या अध्यायात केले ते हेच : कूशी लोक आणि तुम्ही देवाला सारखेच, असे त्याने सांगितले. निवड करावी ती अशी; ती निवाड्याची धार कमी करणारी नसावी, ती स्वतःकडे वळवणारी असावी.

८

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्या पेटल्या. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीत होता. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मध्ये सोळा वर्षे गेली. त्या सोळा वर्षांत आपल्या मंडळ्यांतून आमोसवर किती प्रवचने झाली, वेदीवरून किती जळालेल्या घरांची नावे घेतली गेली, हा प्रश्न प्रत्येक मंडळीने आपापल्या जुन्या सभासदांना विचारावा. उत्तर जे येईल ते लिहून ठेवावे. निवाडा अशाच लिहून ठेवण्याने सुरू होतो.

बौद्ध वाचक म्हणेल की आमचा या ग्रंथाशी काय संबंध? देव न मानणाऱ्याला संदेष्ट्याचा देव पटणार नाही आणि पटावा असा आग्रहही नाही. पण उचलीचा कागद, १-ई ची नोंद आणि मोंढ्यातला काटा दोघांचाही एकच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी नागपुरात एक जू उतरवून ठेवले आणि ज्यांच्या आज्याने त्याआधी जालन्याच्या बेथेलात दुसऱ्या नावाने तेच जू उतरवू पाहिले, ते एकाच गावकुसाबाहेरचे आहेत. शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी दोघांना एकत्र बसवून आमोसचे नऊ अध्याय आणि बाबासाहेबांचा तो लेख शेजारी ठेवून वाचावा. नऊ अध्याय वाचायला एक रात्र पुरते.

त्यानंतर आशेचे बोलावे. कोणाच्या जमिनीचा कागद तयार करायचा आहे, कोणाची उचल फिटली आहे की नाही, कोणाच्या केसची तारीख कधी आहे, हे विचारावे. यिर्मयाने वेढ्यातल्या शहरात आशेची व्याख्या केली नाही. त्याने रुपे तोलले, साक्षीदार बोलावले आणि कागद भांड्यात ठेवायला सांगितला.